प्रश्न तिसरा, गुण दहा

विद्यापीठात पेपर तपासायला बसलोय अकरा जण.
पंखा पूर्ण जोरात, तरी मनगटाला कागद चिकटतोय.
बाहेर गुलमोहराखाली मोर ओरडतोय
कुणीतरी त्याचं काहीतरी नेल्यासारखा.

'मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमधील
प्रभावी उमरावांचे जीवन स्पष्ट करा.'
सदुसष्ट मुलांनी एकाच गाईडातून
एकच उमराव उतरवून काढलाय:
किल्ला, शिकार, मेजवानी, लढाई, मृत्यू.
पाच गुण. पाच गुण.
साडेपाच, अक्षर बरं म्हणून.

मग हा आला. आसन क्रमांक एकेचाळीस सतरा.
निळं पेन मधेच संपलेलं, पुढं काळं.

"उमराव एका जागी राहत नसे," तो लिहितो.
"एका वाड्यातलं धान्य संपलं की दुसऱ्या वाड्यावर.
गाड्यांवर पलंग, पडदे, चांदीची भांडी,
काही जण तर खिडकीच्या काचासुद्धा काढून नेत.
मागं राहिलेल्या भोकांतनं वारा कुणाला लागे
ते पुस्तकात दिलेलं नाही."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"त्याची माणसं त्याच्या रंगाचा अंगरखा घालत,
छातीवर त्याचं चिन्ह, अस्वल नाहीतर हंस.
अंगरखा असला की कोर्टाचं मालक बघून घेत.
आमच्यात टी-शर्ट असतो.
पेठेचा वेगळा, तालमीचा वेगळा,
कारखान्याच्या निवडणुकीला आणि वेगळा.
धुतल्यावर रंग जातो. पोलिसातली केस जात नाही.

मेजवानीला मोर भाजत
आणि त्याचीच पिसं परत त्याला चढवत.
ताटात तो जिवंत वाटे.
साहेब पक्ष बदलून आले त्या रात्री
गंगावेशीत दूध पिता पिता सगळे म्हणाले,
हैत की तसेच."

कणबरकर सर चष्म्यावरनं बघतात:
"मॅडम, गोष्ट वाचू नका. मुद्द्याला एक गुण."
चहा येतो. त्यावर साय धरते.

"उमरावाची बायको हिशेब बघे, किल्लाही लढवे.
विधवा झाली की तिसरा हिस्सा जमीन तिची,
म्हणून मागणी घालणारे सुतकातच दारात.
मृत्युपत्रात तांबडा पलंग थोरल्याला,
पिसांची गादी लेकीला,
आत्म्यासाठी हजार प्रार्थना, रोख पैसे मोजून,
आणि एकदम शेवटी
घोडा धरणाऱ्या माणसाला एक जुना झगा.

लढाईत म्हणे हुकूम असे,
उमरावांना मारा, साध्या माणसांना सोडा.
हे मला पटत नाही.
माझे वडील शिदगोंडा एकोणीस वर्षं
साहेबांची गाडी चालवत होते.
बिंदू चौकात दगड आला तेव्हा
साहेब मागच्या सीटवर वाकले.
ड्रायव्हरला वाकता येत नाही, समोर बघावं लागतं.
डावा डोळा."

पुढच्या दोन ओळी खोडल्यात.
पण कागद पातळ आणि हात जड,
पान उलटं करून उजेडाला धरलं
की आरशातल्यासारखं वाचता येतं:

साहेब दवाखान्यात आले होते. शाल दिली.
शाल चांगली आहे. आई ती कुणाला पांघरू देत नाही.

मग सरळ पानावर, ठळक, अधोरेखित:
"अशा प्रकारे उमरावांचे जीवन वैभवशाली होते."

मी मुद्दे मोजते.
वाडे. अंगरखा. मोर. बायको. मृत्युपत्र. लढाई.
सहा.
खोडलेल्याला गुण नसतात, नियम आहे,
एकवीस वर्षं मीच तो नव्या परीक्षकांना सांगत आले.

"किती दिले?" कणबरकर सर विचारतात.
मी आकडा लिहिते, त्याभोवती गोल करते,
गोल जरा जास्तच वेळ फिरतो, कागद फाटतो.

पुढची उत्तरपत्रिका.
किल्ला, शिकार,